जानेवारीचा रकाना

दीपमालाने कागद टेबलावर पसरला आणि पंख्याच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून दोन्ही तळवे त्यावर ठेवले. त्यावर चार रकाने आखलेले होते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.

चाकणच्या त्या कंपनीत फाटकापासून ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत सात वाफे होते. नऊ वर्षं तीच ते सांभाळत होती. दर हिवाळ्यात जानेवारी लागला की शेवंती उतरायची आणि वाफे उघडे पडायचे. यंदा गणपती उठल्याबरोबर तिने सगळा हिवाळा मांडून आणला होता. दिवाळीला झेंडू, मग शेवंती. तिचा बहर उतरायच्या आत पिटुनिया आणि डायंथस. भिंतीकडेला उंच हॉलीहॉक.

बाग, कॅन्टीन आणि कामगारांच्या बस निरंजन साहेबांकडे होत्या. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, पेन उचललं आणि शेवटच्या दोन रकान्यांवर आडवी रेघ ओढली.

"डिसेंबरअखेरपर्यंत चांगलं दिसू दे, दीपमालाताई. पुढचं नंतर बघू."

"साहेब, नंतर बघून जानेवारीत फूल येत नसतं. बी आत्ताच टाकावं लागतं."

"ठाऊक आहे मला."

"खर्चाचं असेल तर गेल्या सालचं बी हाय माझ्याकडं."

"खर्चाचं नाही." कागदाची घडी घालून त्यांनी ती परत तिच्या हातात दिली. "हा कुणाला दाखवू नका."

ती बाहेर आली. नळी सोडून वाफ्याच्या कडेला बसली. गेल्या महिन्यात दोन मशिनी दुरुस्तीच्या नावाखाली ट्रकवर चढताना तिने इथूनच पाहिल्या होत्या. त्या परत आल्या नव्हत्या. पाणी वाफ्याबाहेर वाहू लागलं, तेव्हा तिने नळ बंद केला.

तिचा धाकटा भाऊ बुद्धरत्न तिथेच प्रेस शॉपमध्ये होता. चार वर्षं कंत्राटावर. एप्रिलमध्ये कायम होण्याच्या यादीत त्याचं नाव होतं. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपने त्याला बोलावलं होतं, पण पगार कमी, म्हणून शनिवारी तो नकार कळवणार होता. मोशीच्या खोलीत भाकरी थापता थापता दीपमाला म्हणाली,

"भोसरीचं काम धर."

"ताई, एप्रिलमध्ये पर्मनंट होतोय मी. आता कोण सोडतं?"

"धर म्हणते ना."

"काही ऐकलंस का?"

"ऐकलं न्हाई काही. जानेवारीत फुलं लावू नका म्हणले."

बुद्धरत्न हसला. मग थांबला आणि तिच्याकडे पाहत राहिला. शनिवारी त्याने राजीनामा दिला. लाइनवरच्या पोरांनी त्याला खुळ्यात काढलं.

आत आणखी तीनशे माणसं होती. त्यांतली मोनिका असेंब्लीवर होती, चऱ्होलीची. रोज बसमध्ये दीपमालाच्याच शेजारी बसायची. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिने सांगितलं, की नवऱ्याला लातूरची नोकरी सोडायला लावली, तो पुढच्या आठवड्यात इकडे येतोय.

"माझं इथं पक्कं आहे म्हटलं. त्याला मिळेल काहीतरी सावकाश."

दीपमालाने खिडकीची काच पुढे ओढली. साहेबांनी सांगितलं तरी काय होतं? एक रेघ तर ओढली होती. घरचा माणूस असला तर एवढ्यावर विश्वास ठेवतो.

"बरं झालं," ती म्हणाली.

अठ्ठावीस डिसेंबरला दुपारी, शिफ्ट सुटायच्या वेळी नोटीस लागली. एकतीस तारखेपासून प्लँट बंद. ओरडाआरडा झाला नाही. माणसं बाहेर आली आणि बस सुटेपर्यंत जायचं कुठे म्हणून वाफ्यांपाशी उभी राहिली. शेवंती भरात होती, पांढरी, पिवळी, किरमिजी. नऊ वर्षांत इतके लोक तिथे एका वेळी थांबले नव्हते. कुणी फोटो काढला. कुणी वाकून वास घेतला.

मोनिका पुढे आली.

"एक घेऊ का गं?"

फुलांना हात लावायचा नाही, अशी पाटी होती. दीपमालाने कात्रीने तीन फुलं देठासकट कापून तिला दिली. ते पाहून बाकीचेही सरसावले. वॉचमनने पायऱ्यांवर उभ्या असलेल्या निरंजन साहेबांकडे पाहिलं. साहेब वळून आत गेले.

"छान आलीत यंदा," मोनिका म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "बुद्धरत्न उगाच नाही गेला. तुला माहीत होतं?"

दीपमालाची कात्री थांबली.

"होतं."

"कधीपासून?"

"गणपती उठल्यापासून."

मोनिकाने हातातल्या फुलांकडे पाहिलं. ती वाफ्याच्या विटेवर नीट, एकाशेजारी एक ठेवली आणि बसकडे चालू लागली.

"ताई, मला पिवळी द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

दीपमाला पुढच्या झाडापाशी बसली आणि पिवळी कापू लागली.