निम्म्यावर थांबलेले झोत

तेजश्रीने बॅग जीपच्या मागच्या सीटवर टाकली आणि वडिलांच्या शेजारी बसून दार ओढून घेतलं. तानाजीरावांनी बीडच्या बसस्थानकापुढच्या रिक्षांच्या गर्दीतून गाडी बाहेर काढली. सूर्याच्या अभ्यासासाठी मुलाखत द्यायला पोर बंगळूरला गेली होती. काय झालं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नेकनूरला एसटीडी बूथशेजारच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली. चहा सांगितला आणि मगच विचारलं,

"कावून न्हाई घेतलं?"

"गणित अपुरं पडलं, आण्णा. सूर्यावरून तापलेल्या वायूचे झोत उसळतात, प्लाझ्माचे. हजारो किलोमीटर वर जातात आणि पुन्हा खाली येतात. निघतानाच्या वेगानं एवढं वर जाताच येत नाही. मग त्यांना वर रेटतं कोण? मी म्हणते, सूर्याच्या पोटातून येणाऱ्या लाटा. पण माझ्या गणितात झोत निम्म्यावरच थांबतात."

"मग चुकलंच की."

"चुंबकीय रेषा मी सरळ उभ्या धरल्या होत्या. त्यांतून लाटा वर चढत नाहीत." बाकड्यावर सांडलेल्या पाण्यात तिने बोटाने एक तिरकी रेघ ओढली. "अशा कलत्या धरल्या तर चढतील. परत येताना गाडीत सुचलं."

तानाजीराव त्या रेघेकडे बघत राहिले.

"तुमच्या संस्थेच्या कॉलेजात माझ्यासाठी जागा ठेवलीय, तिथं जूनमध्ये रुजू होते," ती म्हणाली. "गणित सुट्टीत करीन. पण सोडणार नाही."

त्यांनी चहा बशीत ओतला, उचलला मात्र नाही.

"ती जागा आता न्हाई. शेजारच्या सुभद्राबाईच्या सुनेला दिली."

"कधी?"

"तू गेलतीस तवाच."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर 'ठेवा' म्हणाली असतीस. आन् तितंच अडकून पडली असतीस."

तिचे कान तापले. काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण खोटं काढावं असं त्यांच्या बोलण्यात काही सापडेना. ती उठली, जीपमधून बॅग काढून खांद्याला लावली.

"औरंगाबादला जाते. विद्यापीठातला कॉम्प्युटर सुट्टीत मोकळा असतो."

"आई जेवायची थांबलीय."

"तिला तुम्हीच सांगा. जागेचंही."

तानाजीरावांनी मान हलवली. केजकडून बीडची एसटी येताना दिसली, तसे ते उठले आणि धोतर सावरत, हात आडवा धरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.