ढवळायचं काम

गाड्यांना रंग मारतो म्हणून सगळी गल्ली त्याला पेंटरच म्हणायची. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, जन्मभर बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना घर खायला उठलं, तेव्हा ते घरामागच्या शेडमध्ये स्टूल टाकून बसू लागले. पेंटरलाही बरं वाटलं. गप्पांना सोबत झाली आणि कामाला हातही.

हात म्हणजे ढवळण्यापुरता. गाडीवर शेवटचा चकाकीचा थर मारायच्या आधी त्यात हार्डनर मिसळावा लागतो, नाहीतर तो थर वाळायचं नावच घेत नाही. पेंटर मापाच्या डब्यात दोन्ही ओतायचा आणि अण्णा पट्टीने ढवळायचे, हलक्या हाताने, बुडबुडा येऊ न देता. "भरलेली बस वळवावी तसं ढवळतोय बघ," म्हणायचे. मग पेंटर तोंडावर मास्क चढवून फवारायची गन हातात घ्यायचा आणि अण्णा दाराशी बसून फवारा कुठे कमी पडला ते सांगायचे.

मास्क एकच होता. रंगाच्या दुकानदाराने बजावलं होतं, "थिनरचा वास नाकात जातो, म्हणून सगळे थिनरला घाबरतात. छातीला लागतो तो हार्डनर. फवारताना जवळ कुणी नको." पेंटरने मान डोलावली होती. अण्णांना आत जा म्हणायचं त्याच्या जिवावर आलं, आणि दुसरा मास्क आणू आणू म्हणता राहूनच गेला.

अण्णांना खोकला लागला तेव्हा त्याने सगळं खापर सिगारेटवर फोडलं. "आता तरी सोडा!" म्हणून ओरडलासुद्धा. अण्णांनी निमूटपणे सिगारेट सोडली, पण खोकला काही त्यांना सोडेना. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर, रसायनं, असं काही?"

"छे हो," अण्णा म्हणाले, "माझीच करणी आहे ही."

पेंटर शेजारच्याच खुर्चीत होता. हार्डनरचं नाव अगदी ओठांवर आलं आणि त्याने ते गिळलं.

मग अण्णा पेंटरच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, राहायला गेले. काही दिवसांनी ताईचा फोन आला, खुशीतला. "अरे, अण्णा दोन जिने चढून आले, धाप नाही की काही नाही! आमची हवा मानवली त्यांना." पेंटरने फोन ठेवला तो शेडमधल्या रिकाम्या स्टुलाकडे बघतच. अण्णा परतले, सवयीने शेडमध्ये बसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची छाती पुन्हा शिट्टीसारखी वाजू लागली.

सकाळी त्याने स्टूल उचलून घरात नेऊन ठेवलं. "अण्णा, यापुढे शेडमध्ये येऊ नका."

"का रे बाबा?"

"माझं... कामात लक्ष लागत नाही."

अण्णांचा चेहरा एवढासा झाला. दुपारी ते सुनेला म्हणाले, "म्हाताऱ्याची अडचण व्हायला लागली गं." पलीकडे हात धूत असलेल्या पेंटरने ते ऐकलं. आता मात्र त्याला राहवेना. ओल्या हातांनीच तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला. दुकानदाराचं बजावणं, ताईचा फोन, सगळं.

अण्णा म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांसमोर बसला होतास, तेव्हाही तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी वेड्यासारखा स्वतःलाच बोल लावत होतो."

सून पदराने डोळे टिपत आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा डॉक्टरांकडे गेले. "याला विचारा," अण्णा म्हणाले, आणि सगळं पेंटरलाच सांगायला लावलं. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा औषधाचा पंप दिला. त्रास कमी होईल, म्हणाले, पण पूर्ण जाईलच असं नाही. महिनाभरात पेंटरने काम वस्तीबाहेरच्या एका बंद खोलीत हलवलं. नेहमीचं गिऱ्हाईक तुटलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

अण्णा त्याच्याशी पूर्वीसारखे बोलायला लागायला फार दिवस गेले. आता संध्याकाळी दोघे फिरायला जातात. चढाशी आलं की अण्णा थांबतात, कठड्याला धरतात आणि हाताने खुणावतात, तू हो पुढे. पेंटर पुढे जात नाही. त्यांचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत तो रस्त्याकडे बघत उभा राहतो, कारण अण्णांच्या तोंडाकडे बघायचं त्याला अजून जमत नाही.