व्हिडिओतून कापलेल्या गाड्या

नळदुर्गात कृष्णराजचं नाव निघालं की लोक म्हणायचे, पोरगं कुणाचं मिंधं न्हाय. कुठल्या वाहिनीची नोकरी नाही, कुणाचा पगार नाही. स्वतःचा कॅमेरा, स्वतःचं चॅनल आणि दर बातमीच्या शेवटी एकच वाक्य, "हे मी स्वतः बघून आलोय." त्या वाक्याचा त्याला भारी अभिमान. आता तेच आठवलं की त्याला घास गोड लागत नव्हता.

फाल्गुनात तो पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात गेला होता. तिथं बंडखोर आणि जवान यांची वर्षानुवर्षं लढाई चाललेली. परतला तो चांगली बातमी घेऊन. बाजार भरतोय, शाळा उघडली, रस्ता मोकळा झाला. बाजार खरा होता, शाळाही खरी. रस्त्यानं मात्र पोलिसांनी त्याला तीन गाड्यांच्या मधोमध बसवून नेलं होतं, आणि पुढं जवान सुरुंग शोधत चालले होते. ते सगळं त्यानं व्हिडिओतून कापून टाकलं. का, तर पोलिसांच्या गाड्या दिसल्या असत्या तर लोक त्याला सरकारी माणूस म्हणाले असते! स्वतंत्र दिसायची केवढी ती हौस. घाला आता चुलीत.

तीन आठवड्यांनी त्याच रस्त्यावर सुरुंग फुटला. सिमेंट घेऊन नळदुर्गचेच दोन ट्रक चालले होते. पुढचा वीरप्पाचा, तो जागीच गेला. मागचा गोरोबाचा, त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

गोरोबा दवाखान्यातून घरी आला तरी कृष्णराज चार दिवस त्या गल्लीत फिरकला नाही. पाचव्या दिवशी सकाळी कसाबसा गेला. गोरोबा बाजेवर टेकून बसला होता. त्याच्या बायकोनं, शिवकांताकाकूंनी, चहा आणून दिला. कृष्णराजनं कप नुसता हातात धरला.

"ये की रं. तोंड का पाडलंस?" गोरोबा म्हणाला. "तू गेलास तवा रस्ता चांगलाच आसंल. मागनं पेरला आसंल त्येंनी सुरुंग. तुजा काय दोष?"

इथं गप्प बसला असता तर सुटला असता बिचारा. मान हलवायची, चहा संपवायचा, घरची वाट धरायची. पण त्याला ते जमलं नाही.

"काका, रस्ता तेव्हाही चांगला नव्हता," तो म्हणाला, आणि गाड्यांचं, जवानांचं सगळं सांगून मोकळा झाला. "चुकलं माझं. लई चुकलं."

गोरोबानं चादर ओढून तुटका पाय झाकला. त्यानं आईबापावरून शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माज्या पायाचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "वीरप्पा यायला तयार नव्हता. दोन डाव न्हाय म्हनला. ढाब्यावर बसवून म्या त्येला तुजा व्हिडिओ दावला. म्हनलं, आपल्या गावचं पोरगं हाय, सोता बघून आलंय, त्ये खोटं बोलंल व्हय?"

कृष्णराजनं कप खाली ठेवला.

"त्येची बायको, हरणाबाई, रोज फोन करती. इचारती, भावजी, ह्ये तर जायाला नगं म्हनत हुते, मग गेलेच कसे? म्या रोज कायतरी थाप मारतुया." गोरोबानं कुबड्या जवळ ओढल्या. "ऊठ, मला धर. आज तिला सांगून येऊ. आदी तू बोल, मग म्या बोलतो."