जमेचं पान

मी घाबरट बाई नाही हो. बत्तीस वर्षं वॉर्ड सिस्टर होते, ज्युनिअर डॉक्टर माझ्यापुढे चळचळ कापायचे. पण त्या मंगळवारी माझी लेक केरेन लॉफ्टमधून लाल कापडात बांधलेली वही घेऊन खाली आली आणि मी घाबरले.

"मम्मी, हा वही किती जुना आहे! संडेला सिनेगॉगमध्ये दाखवूया. राफाएल अंकलना मी ऑलरेडी सांगितलं."

इथे विलायतेत, एजवेअरमध्ये वाढलेली पोर, वहीला 'हा' म्हणते. एरवी टोकलं असतं. तेव्हा मी नुसती वही तिच्या हातातून ओढून घेतली.

वही माझ्या पणजोबांच्या, लेव्हींच्या काळची. तेव्हा मुंबईत आपल्या ज्यू लोकांनी एक फंड काढला होता. गरीब कुटुंबांना यरुशलेमला जायचं असलं तर आगबोटीचं भाडं फंडातून द्यायचं. लेव्ही त्याचे खजिनदार. एका खेपेला अकरा माणसं एडनला उतरवून दिली, कारण त्यांचं पुढचं भाडं भरलंच नव्हतं. लेव्हींनी ते खाल्लं, असं आमच्या घरात दार लावून कुजबुजायचे. त्या अकरांतले एक राफाएलचे पणजोबा. बंदरावर कोळसा वाहून वाहून तिथेच गेले बिचारे. आणि जूनमध्ये केरेन त्याच राफाएलच्या घरात सून म्हणून जाणार आहे!

केरेन कामावर गेल्यावर मी वही उघडली. मोडी असती तर सुटले असते, पण मेलं अक्षर बाळबोध, स्वच्छ. लेव्हींचं खातं सापडलं. उजव्या पानावर 'नावे' आणि खाली अकरा जणांची यादी, प्रत्येकापुढे भाड्याचा आकडा. डाव्या पानावर 'जमा, रुपये ३४०'. त्याखाली बारीक अक्षरात 'हस्ते मिर्यम, पाटल्या'.

पासबुकात जमा म्हणजे आपल्या खात्यात आलेले पैसे, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे खाल्लेच की! वर बायकोला, मिर्यमला, पाटल्याही केल्या! उजवीकडे नुसती नावं आणि भाडी होती, त्यांना कशाला हात लावू? डावं पान मात्र टर्रकन फाडलं, बारीक तुकडे केले आणि बटाट्याच्या सालांबरोबर फूड वेस्टमध्ये टाकले. गुरुवारी कौन्सिलची गाडी ते घेऊन गेली, तेव्हा कुठे मला घास गेला.

रविवारी सिनेगॉगमध्ये राफाएलनी इल्फर्डहून मोहनरावांना बोलावलं होतं. मोहनरावांच्या वडिलांची सांगलीला अडतीची पेढी होती, लहानपणी त्यांनी असल्या वह्या लिहिल्यात. चष्मा लावून त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

"ही त्या अकरांची नावं ना?" मी घाईने म्हटलं.

"नाही हो बथशेबाताई. नावे म्हणजे उधारी. ही वही फंडाची आहे, लेव्हींची नव्हे. या अकरांच्या भाड्याचे तीनशे चाळीस फंडाने लेव्हींच्या नावे टाकलेत. तेवढे ते फंडाला देणं लागत होते."

राफाएलनी मान खाली घातली. केरेनने माझा हात धरला. "आणि परत दिले असतील तर?"

"तर समोरच्या पानावर जमा केले असते. जमा म्हणजे फंडाला मिळाले. कोणी आणून दिले, तेही लिहितात, हस्ते अमुक म्हणून. दागिना मोडून दिले असले तर तसंही लिहायचे." मोहनराव समोरच्या पानाकडे वळले. त्यांनी वहीच्या शिवणीतून बोट फिरवलं. "अरेच्चा, इथलं पान फाटलंय. आणि कड बघा, पांढरी आहे. हे जुनं नाही, परवा-तेरवाचं फाटलेलं आहे."

देवा रे! त्या माउलीने हातातल्या पाटल्या मोडून एक-एक रुपया फेडला होता, आणि मी तो सालांबरोबर फेकला.

"फेडले," माझ्या तोंडून निघून गेलं. "मिर्यमने पाटल्या मोडून सगळे फेडले. लिहिलं होतं तसं."

"कुठे लिहिलं होतं?" राफाएलनी विचारलं.

केरेनने माझ्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.