चोरखिसा

चाळीस वर्षं सिनेमावाल्यांचा कपडेपट सांभाळलेल्या आजींना त्या दुपारी कॉलेजात मानाने बोलावलं होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात गाजलेला, एका दारुड्याची कथा सांगणारा सिनेमा आजची मुलं बघणार होती. लेकीने गाडीतून आणलं. सात वर्षांची नातही सोबत होती.

पडद्यावर नायक खांबाला मिठी मारून रडू लागला आणि सभागृह खो खो हसलं. एके काळी याच प्रसंगाला थिएटरात हुंदके ऐकू यायचे.

"अरे, कुणीतरी याला खांबापासून सोडवा!" मागून कोणीतरी ओरडलं. आजी कानकोंड्या झाल्या.

मग तो कोट आला. कोटाच्या अस्तरात बाटली लपवलेला नायक बायकोच्या देखत घरभर वावरतो, मुलीच्या कपाळाचा मुका घेतो आणि सरळ पावलांनी बाहेर पडतो. आता कोणी हसलं नाही.

"तो चोरखिसा मी तीनदा उसवून शिवलाय," आजी लेकीच्या कानाशी लागल्या. "फुगवटा दिसतोय का कुठे, सांग!"

"दिसत नाही गं, पण वाजेल ना." लेकीची नजर पडद्यावरच होती. "किल्ल्यांना लागून काच खणखणते. बाटली मोज्यात घालावी लागते. तोही लहान मुलाचा, लोकरीचा. घट्ट बसतो."

आजी हसल्या. आणि हसू ओठांवरच वाळलं.

नातीचे मोजे! हिवाळाभर एकेक मोजा गायब होत होता आणि आजी धुण्याच्या मशीनच्या नावाने बोटं मोडत होत्या. लेक ती भलीमोठी बॅग बाथरूममध्येसुद्धा घेऊन जायची. आज मध्यंतरात "आलेच" म्हणून गेली, ती वीस मिनिटांनी पेपरमिंट चघळत परतली. थोड्या वेळाने हीच गाडी चालवणार, आणि मागे नात.

सिनेमा संपताच आजींना मंचावर बसवलं. एका मुलीने विचारलं, "आजी, असं झिंगत कोण फिरतं हो हल्ली? जुनाट नाही वाटत हे?"

"नाही फिरत कोणी," आजी कशाबशा म्हणाल्या आणि रांगेत लेकीला शोधू लागल्या. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्या उत्तर अर्धवट टाकून उठल्या. कठडा धरधरून जिने उतरल्या. आवारात गाडी सुरू होती, नात मागे पट्टा लावून बसलेली.

"अगं, तुझ्यासाठीच दाराशी आणत होते!" लेक म्हणाली.

आजींनी मागचं दार उघडलं. पट्टा सुटता सुटेना. "उतर गं राणी."

"आई, हे काय नवीन?"

"किल्ली दे."

"तुला चालवता तरी येते का?"

"नाही येत. बसने जाऊ."

"लोक बघतायत. सिनेमा पुरे आता."

"बघू देत. बॅगही दे."

लेक जरा जास्तच मोठ्याने हसली. पेपरमिंटच्या आडून तो वास आला. मग हसणं थांबलं, गाडी बंद झाली, किल्ली खिडकीतून बाहेर आली. बॅग मात्र तिने दोन्ही हातांनी उराशी कवटाळली.

"ही नको ना मागूस," ती म्हणाली. इतक्या बारीक आवाजात, की आजींनी पुढे केलेला हात मागे घेतला.

नातीचं मनगट घट्ट धरून त्या गाडीपाशीच उभ्या राहिल्या. बसथांबा समोरच होता. पण तिकडे जायचं तर लेकीकडे पाठ करावी लागणार होती.