इस्त्री केलेला उतार

धंद्यात त्याला सगळे इस्त्रीवाला म्हणायचे आणि त्याला त्या नावाचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक थरथरत्या हातांनी काढलेले व्हिडिओ आणून द्यायचे आणि तो संगणकावर बसून त्यातली सगळी थरथर काढून टाकायचा. कुणाच्या मामाने लग्नात चार पेग लावून केलेलं चित्रीकरणसुद्धा याच्या हाताखालून गेलं की रुळांवरून सरकल्यासारखं दिसे. जगात न सुटणारे प्रश्न असतात, पण हलणारं चित्र हा त्यातला नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. म्हणताना चष्मा पुसायचा.

त्याची सतरा वर्षांची लेक डोंगरउतारावरून सायकल हाणायची. हेल्मेटवर छोटा कॅमेरा बसवलेला असे. घरी आली की फाइल बापाच्या हवाली करायची. बाप आधी इस्त्रीचं बटण दाबायचा आणि मगच व्हिडिओ बघायला बसायचा. आई घाबरेल ना, असं त्याचं म्हणणं होतं. काम तसं सोपंच. चित्राच्या एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना काय स्थिर राहतं ते संगणक शोधतो, त्याच्या आधाराने प्रत्येक चौकट सरकवून सरळ करतो आणि उरलेल्या वेड्यावाकड्या कडा कापून टाकतो. लेकीच्या व्हिडिओत कडेला नेमकी दरी असायची. ती कापली गेल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही.

आता लेकीला शर्यतीत उतरायचं होतं. फॉर्मवर आईबापांच्या, दोघांच्याही सह्या हव्या होत्या. बाप मोठ्या मनाने म्हणाला, माझं काही नाही गं, तुझ्या आईचं काय ते बघ. आई हाडांच्या वॉर्डात वीस वर्षं नर्स. तिने फॉर्म घेतला आणि ठेवून दिला.

मुदत संपायला दोन दिवस उरले, तेव्हा यानेच पुढाकार घेतला. लेकीचा सगळ्यात कडक इस्त्रीचा व्हिडिओ बायकोला लावून दाखवला. ती हाताची घडी घालून बघत राहिली. आपल्या मागच्या गल्लीत याहून जास्त खड्डे आहेत, एवढंच म्हणाली. आपली कारागिरी फळाला आली म्हणून हा खुलला, तोवर तिचं पुढचं वाक्य आलं.

"इतकं सोपं असेल, तर तूही जा की तिच्याबरोबर. उतरून आलास की बोलू सहीचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण गंमत अशी की तो घाबरलाच नाही. हा उतार त्याने दोनशे वेळा पाहिला होता, खुर्चीत बसून, चहा पीत. तिसऱ्या वळणावर ब्रेक कधी सोडायचा, याचा सल्लासुद्धा त्याने लेकीला दिला होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला उंट किती उंच असतो हे खाली उतरेपर्यंत कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची सायकल आणि डोक्यावर कॅमेरा घेऊन तो माथ्यावर उभा राहिला. खाली बघून त्याने लेकीला विचारलं, आपण चुकीच्या डोंगरावर तर आलो नाही ना? डोंगर तोच होता. ही त्याची सोपी बाजू, असं ती म्हणाली आणि सावकाश पुढे निघाली. पहिल्या दगडावर त्याचे दात एकमेकांवर आपटले, दुसऱ्यावर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तिसऱ्या वळणावर त्याला स्वतःचा सल्ला आठवला. तो त्याने पाळला आणि थेट झुडपात गेला. लेकीने त्याला बाहेर ओढलं, अंगावरचे काटे काढले आणि सल्ल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते त्याला जास्त लागलं.

घरी येऊन दुखऱ्या बरगड्यांसह तो संगणकापुढे बसला. बटण दाबलं. संगणक बराच वेळ कण्हला आणि त्याने कळवलं, स्थिर बिंदू सापडला नाही. धंद्यात आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्यात बायको ड्युटीवरून आली. खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आहे तसा लाव.

त्याने लावला. झाडं, दगड, हँडल, सगळं उसळत होतं. वर आवाज त्याचा स्वतःचा. त्यात वारलेल्या आईला हाका होत्या आणि बायकोचं नाव अकरा वेळा होतं. क्ष-किरणांची फिल्म उजेडात धरून बघावी तशी ती शांतपणे बघत होती. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. पुढे लेकीचं पिवळं हेल्मेट होतं. दगडांवरून जाताना तिचे गुडघे वरखाली होत होते, डोकं जागच्या जागी होतं. प्रत्येक वळणावर ती थांबून मागे वळून बघत होती.

"हलतंय ते तुझं डोकं," बायको म्हणाली. "ती कुठे हलतेय?"

तू घाबरू नयेस म्हणून हा सगळा खटाटोप केला, असं तो पुटपुटला. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मी रोज मोडलेली हाडं बघते. तिचे मूळ व्हिडिओ ती मला दर रविवारी दाखवते. इस्त्री तू स्वतःसाठी करत होतास."

तिने टेबलाचा खण उघडून फॉर्म काढला. आईच्या रकान्यात तिची सही होती, तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेची. बापाचा रकाना तेवढा कोरा होता.

"म्हटलं, कशावर सही करतोयस ते तुला एकदा कळू दे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे तो बायकोच्या भीतीआड लपला होता आणि भीती सगळी त्याचीच होती. लेक दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे एकदा बघून त्याने पेन उचललं. हँडल धरून धरून हात अजून थरथरत होते. सही इतकी वेडीवाकडी आली की शर्यतवाले ही चालवून घेतील का, असं लेकीने विचारलं. नव्या फॉर्मवर नीट करून देतोस का, म्हणाली.

त्याने चष्मा पुसला आणि सहीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला, "हलली तशीच राहू दे."