पावसाची शक्यता

भातकापणीला आमच्या चार घरांची सावड असते. आज एकीच्या शेतावर सगळ्यांनी विळे घेऊन जायचं, उद्या दुसरीच्या. हा नंबर कुणी मोडत नाही. नंबरावरून डोळखांबच्या या पट्ट्यात सख्ख्या बहिणी बोलायच्या बंद झाल्यात. म्हणून त्या सकाळी माझी सून प्रियांका फोन घेऊन सगळ्या बायकांपुढे उभी राहिली, तेव्हा मी तिला मागे हो म्हणून खुणावलं.

ती आसनगावची. लग्नाला वर्ष व्हायचंय, ही तिची पहिली कापणी. शेतकऱ्यांना हवामानाचे मेसेज येतात म्हणून हौसेने तिनेच नाव नोंदवलं होतं.

"आज संध्याकाळपासून विजांसह पावसाची शक्यता आहे," तिने वाचून दाखवलं. "कापलेलं भात सुरक्षित ठिकाणी हलवा, असं सांगतायत."

कापलेलं भात होतं सावडीतल्या हिरीचं. आदल्याच दिवशी आम्ही कापून शेतात वाळत घातलेलं. सावडीत फक्त कापून द्यायचं. भारे बांधून घरी आणायचं ते ज्याचं त्याने. हिरीचा नवरा कंबर धरून पडलेला. एकटी बाई किती वाहणार? आणि आजचा नंबर होता सकुबाईचा. तिचं भात पिकून ओणवं झालेलं, त्यात रात्रीची रानडुकरं येऊ लागलेली.

हिरी मान वर करीना, मागायची तिला लाज. मला मनातून वाटलं, या पोरीने तोंडाला कुलूप लावलं असतं तर काय बिघडलं असतं?

सकुबाईने विळा कमरेला खोचला. "आजचा नंबर माझा ना? मंग कुठं जायाचं ते मी सांगते. चला, हिरीच्या शेतावं."

दिवसभर आम्ही भारे वाहिले. माना अवघडल्या, हिरीच्या ओटीवर भाऱ्यांची रास छपराला टेकली. संध्याकाळी ढग आले खरे, पण थोडा वेळ गुरगुरले आणि सिद्धगडाकडे निघून गेले. थेंब नाही पडला. रात्री मात्र डुकरं आली आणि सकुबाईच्या शेताचा एक कोपरा पार लोळवून गेली.

सकाळी बातमी कळली तशी प्रियांका चुलीपाशी बसून रडायला लागली. "आई, मी माझं नाव काढून टाकते त्यातनं."

"काढच," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, फार राग आला होता मला. एका शब्दापायी त्या बाईचं भात मातीत गेलं होतं. येणार तर येणार म्हणा, नाही तर नाही म्हणा. शक्यता घेऊन आम्ही काय करायचं?

तेवढ्यात फोन वाजला. तिने बघितलं आणि तो पटकन पदराखाली घेतला.

"काय आलं?"

"काय नाही, रिचार्जचं."

आज नंबर आमचा होता, त्यामुळे बाकीच्या बायकांच्या पुढे सकुबाई विळा घेऊन दारात आली. आता ही काय बोलेल? तिने एकदा प्रियांकाकडे पाहिलं, तिच्या पदराकडे पाहिलं.

"पावसाचं आलंय ना गो? वाच."

"काकी, कालपण हेच होतं. तुमचं नुकसान झालं."

"डुकरं काय तुझ्या फोननं नाय आणली. त्यानं शक्यता सांगितली, तू ती वाचलीस. भारे वाहायचं मी ठरवलं. हिरीच्या जागी मी असते तर? तुझं काम सांगायचं. तू दडवायला लागलीस तर आमी ठरवायचं कशावं?"

प्रियांकाने फोन काढला आणि वाचलं. आज दुपारनंतर पाऊस, शक्यता कालच्यापेक्षा जास्त.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेत माझं, नंबर माझा. कापलं आणि पाऊस आला तर भात जमिनीवर भिजून मोड येणार. नाही कापलं आणि पाऊस नाही आला, तर नंबर गेला आणि रात्री डुकरं आहेतच. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. नुसती भीती उरली होती. हीच भीती काल सकुबाईला वाटली असणार, आणि तरी तिने विळा खोचला होता.

"दुपारपरेंत जेवढं उचलून घरात नेता येईल तेवढंच कापू," मी म्हटलं. "ओटीवर पसरू, हळूहळू वाळंल. आन निम्म्या बाया सकुबायच्या शेतावं. डुकरांनी लोळवलंय ते आधी काढा."

"नंबर तुझा हाय जने," सकुबाई म्हणाली.

"म्हणून तर मी सांगते."

बायका निघाल्या. प्रियांकाने डोळे पुसले आणि भिंतीवरचा जादाचा विळा काढला. दारातून बाहेर पडताना तिने हळूच विचारलं, "काकी, आणि आजपण चुकलं तर?"

"तर उद्या परत सांग," सकुबाई म्हणाली.